घटक ४ : दूरस्थ प्रवेश व फाइल-हस्तांतरण

पनवेल परिसरात योट्टा कंपनीचे एनएम१ हे डेटा सेंटर २०२० साली सुरू झाले. तेथील एखाद्या सर्व्हरची देखभाल करणारी व्यक्ती तळोजा येथे स्वतःच्या घरी बसूनही आपले काम करू शकते. त्या सर्व्हरमध्ये शिरणे हा दूरस्थ प्रवेश, आणि त्यावर फाइल ठेवणे किंवा त्यावरून आणणे हे हस्तांतरण. दोन्ही क्रिया प्रोटोकॉलने, म्हणजे यंत्रांनी आधीच मान्य केलेल्या संभाषणाच्या संकेतांनी चालतात. भाषेच्या अभ्यासकाला ही कल्पना परकी वाटू नये; शब्द आणि अर्थ यांचे नातेही संकेतानेच ठरते.

दूरस्थ प्रवेशाचा जुना प्रोटोकॉल म्हणजे टेलनेट. त्यात आपण दाबलेली कळ दूरच्या यंत्राकडे जाते आणि बहुधा तेथून प्रतिध्वनी परत आल्यावरच ते अक्षर आपल्या पडद्यावर उमटते. १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने इंटरनेट सर्वसामान्यांना खुले केले, तेव्हा मुंबईतील ‘शेल’ खातेदाराचा संगणक खऱ्या अर्थाने इंटरनेटवर नसेच. टेलिफोनच्या तारेवरून तो निगमाच्या यंत्रात प्रवेश करी. पुढचे काम ते यंत्र करी. परदेशातून मागवलेली फाइल प्रथम तेथेच उतरे आणि घरी आणण्यासाठी झेडमोडेमसारखा निराळा प्रोटोकॉल लागे. प्रवेश आणि हस्तांतरण यांतील भेद त्या पिढीला वेगळा शिकवावा लागला नाही.

एफटीपी या हस्तांतरणाच्या प्रोटोकॉलचा पहिला मसुदा एप्रिल १९७१ मध्ये अभय भूषण यांनी लिहिला. कानपूरच्या आयआयटीचे हे पदवीधर तेव्हा अमेरिकेत एमआयटीमध्ये होते. एफटीपी दोन जोडण्या वापरतो : एकीवरून बोलणे, दुसरीवरून माल. सर्व्हरची उत्तरे तीन आकडी असतात. ३३१ म्हणजे ‘नाव कळले, आता पासवर्ड सांगा’. २२६ म्हणजे ‘पाठवणे पूर्ण झाले’.

मराठीच्या विद्यार्थ्याने थांबून पाहावे अशी गोष्ट यापुढे आहे. फाइल ‘मजकूर’ आहे की ‘बायनरी’, हे एफटीपीला सांगावे लागते. मजकूर म्हटल्यास तो ओळीच्या शेवटाची खूण समोरच्या यंत्राच्या रीतीप्रमाणे बदलू शकतो. साध्या लेखनास यामुळे बाधा येत नाही, परंतु फॉन्टची किंवा चित्राची फाइल त्याच रीतीने पाठवली तर ती बिघडते. टेलनेटची अडचण याहून मूलभूत होती. त्याचा मूळ संकेत सात बिटांचा, इंग्रजी अक्षरांपुरता. १९९१ च्या इस्की या भारतीय प्रमाणकात देवनागरी अक्षरे मात्र आठव्या बिटावर अवलंबून होती. इस्कीत ‘क’चा क्रमांक १७९. वाटेत आठवे बिट गळाले की त्यातून १२८ वजा होऊन ५१ उरतात, आणि ५१ हा तीन या आकड्याचा क्रमांक! म्हणजे ‘कखग’ असे पाठवावे आणि पलीकडे ‘३४५’ वाचले जावे. यंत्राने येथे चूक केली असे म्हणता येत नाही. त्याच्या संकेतात मराठीला जागाच नव्हती.

टेलनेट व एफटीपी यांचा दुसरा दोष असा, की मूळ रूपात दोन्ही पासवर्ड उघडा पाठवतात. वाटेत कान देणाऱ्यास तो वाचता येतो. हेलसिंकीच्या तंत्रविद्यापीठाच्या जाळ्यात असे पासवर्ड चोरले गेल्यावर तातू यल्योनेन यांनी १९९५ मध्ये एसएसएच तयार केला. टेलनेटचे दार २३ वे, एफटीपीचे २१ वे. मधले २२ वे रिकामे होते, तेच त्यांनी मागून घेतले. एसएसएच दोन्ही यंत्रांत प्रथम एक गुप्त किल्ली ठरवतो आणि मगच पासवर्ड विचारतो. त्याच सुरक्षित मार्गाने चालणारा एसएफटीपी आज फाइल-हस्तांतरणासाठी वापरावा.

स्वयंअध्ययनासाठी प्रश्न : इस्कीत ‘घ’चा क्रमांक १८२ आहे. आठवे बिट गळाल्यास पलीकडे कोणते चिन्ह दिसेल, ते कारणासह लिहा.