प्रमेहाची संप्राप्ती आणि एक विकर : पी.टी.पी. १-बी

भिवंडी तालुक्यातील अंजूर परिसरात शेती मागे पडून गोदामे वाढली. आमच्या चिकित्सालयात येणाऱ्या प्रमेही रुग्णांत हातापायांनी कृश, परंतु पोट सुटलेले अनेक जण असतात. ‘मी जाडा नाही, मग मला साखर कशी?’ हा त्यांचा प्रश्न.

इन्सुलिन पेशीवरील ग्राहीशी जुळले की ग्राहीतील टायरोसिनवर फॉस्फेट जोडले जाते आणि ग्लुकोज आत घेण्याचा संदेश पेशीत पोहोचतो. ते फॉस्फेट काढून संदेश थांबविण्याचे कार्य प्रोटीन टायरोसिन फॉस्फटेज या वर्गातील विकरे करतात. त्यांपैकी पी.टी.पी. १-बी हे विकर टॉन्क्स, फिशर व सहकाऱ्यांनी १९८८ साली मानवी वारेतून शुद्ध केले. संदेश वेळीच थांबणे देहास आवश्यकच आहे. परंतु हा लगाम अति आवळला गेल्यास इन्सुलिन असूनही पेशी दाद देत नाही. १९९९ मध्ये माँट्रियल येथे हे विकर नसलेले उंदीर तयार करण्यात आले. ते इन्सुलिनला अधिक प्रतिसाद देत व स्निग्ध आहारावरही फारसे स्थूल होत नसत. मेदवृद्धीसोबत येणाऱ्या शोथात हे विकर वाढते, असेही उंदरांत आढळले आहे.

मेद मात्र नेहमी बाहेरून दिसत नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व लंडनचे डॉ. युडकिन यांनी २००४ साली स्वतःचीच तुलना प्रसिद्ध केली. दोघांचा देहभार निर्देशांक २२.३, पण शरीरातील मेद याज्ञिकांचा २१.२ टक्के, तर युडकिन यांचा ९.१ टक्के! चरकाचार्यांनी प्रमेहींचे स्थूल व कृश असे भेद करून चिकित्साही भिन्न सांगितली आहे. म्हणून केवळ वजन न पाहता कटिपरीघही मोजावा.

चरकोक्त प्रमेहचिकित्सेतील दारुहरिद्रेत बर्बेरिन असते. ते या विकरास रोखते, असे प्रयोगशाळेत दिसले आहे. तथापि परीक्षानळीतील परिणाम म्हणजे रुग्णास आलेला उपशय नव्हे. या विकराशी अतिशय साम्य असलेली इतर फॉस्फटेजेस देहात असल्याने केवळ त्यालाच रोखणे कठीण असते. त्यावरील एकही औषध अद्याप मान्यता पावलेले नाही.

आमच्या एका रुग्णाने काढ्यावर विसंबून इन्सुलिन परस्पर बंद केले आणि त्यास बेशुद्धावस्थेत रुग्णालयात न्यावे लागले. आम्ही त्यास आधीच स्पष्ट बजावले नव्हते, ही आमची चूक. वैद्यबंधुभगिनींनी प्रत्येक प्रमेही रुग्णास ही सूचना चिठ्ठीवर लिहूनच द्यावी, अशी नम्र विनंती आहे.