अटलांटा वर्गाचा पट

जहाजांचेही वर्ग असतात, हे तुम्हांला ठाऊक आहे का? मला नव्हते. एकाच आराखड्यावरून बांधलेल्या जहाजांचा एक वर्ग धरतात. पहिल्या जहाजाचे नाव त्या वर्गाला देतात. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या ‘अटलांटा’ वर्गाच्या पटावर आठ हलक्या क्रूझर होत्या : अटलांटा, जुनो, सॅन डिएगो, सॅन हुआन, ओकलंड, रीनो, फ्लिंट आणि टक्सन.

हलक्या म्हणजे वजनाला हलक्या, असे मला वाटले. गुरुजी हसले. १९३० च्या लंडन कराराप्रमाणे ज्यांच्या तोफेच्या नळीचा व्यास १५५ मिलिमीटरच्या आत, त्या हलक्या क्रूझर. ‘जुनो’चे वजन सुमारे सहा हजार टन होते! तिच्यावर १२७ मिलिमीटरच्या सोळा तोफा होत्या. विमाने पाडायला त्या फार उपयोगी.

‘जुनो’वर सलिव्हन आडनावाचे पाच सख्खे भाऊ होते : जॉर्ज, फ्रान्सिस, जोसेफ, मॅडिसन, अल्बर्ट. ते आयोवा राज्यातल्या वॉटर्लू गावचे. आम्हांला एकत्रच ठेवा, असा हट्ट त्यांनीच धरला होता.

१३ नोव्हेंबर १९४२ रोजी मध्यरात्रीनंतर ग्वाडलकनाल बेटाजवळ जपानी आरमाराशी अंधारात लढाई झाली. ‘अटलांटा’ इतकी मोडली, की त्याच दिवशी ती बुडवावी लागली. ‘जुनो’ पाणतीर लागूनही हळूहळू परत निघाली. सकाळी अकराच्या सुमारास जपानी पाणबुडीने तिला दुसरा पाणतीर मारला. मोठा स्फोट झाला आणि मिनिटाच्या आत जहाज दिसेनासे झाले. पाणबुडी जवळच असल्याने सोबतची जहाजे थांबली नाहीत. एवढ्या स्फोटातून कोण वाचणार, असेही त्यांना वाटले. पण सुमारे शंभर जण पाण्यात जिवंत होते! विमानाकरवी धाडलेला निरोप वेळेवर कामी आला नाही. आठ दिवसांत फक्त दहा जण हाती लागले. ६८७ माणसे गेली. थोरला जॉर्ज स्फोटातून वाचला होता, पण तोही मदत येईपर्यंत टिकला नाही.

एका दिवसात पटावरची दोन नावे गेली. बाकीच्या सहा क्रूझर युद्ध संपेपर्यंत टिकल्या. ‘जुनो’चे अवशेष २०१८ साली सुमारे ४,२०० मीटर खोलीवर सापडले.

हे मी घरी आईला वाचून दाखवले. ती म्हणाली, “पाची पोरं एकाच जहाजावर कशापायी ठिवली?”

मी म्हटले, “त्यांनीच हट्ट धरला.”

“त्यांच्या आईला कुणी इचारलं व्हतं का?”

मग मी पुढचे वाचले. १९४३ साली एका नव्या विनाशिकेला ‘द सलिव्हन्स’ असे त्या भावांचे नाव दिले आणि तिच्या जलावतरणाचा मान त्यांच्या आईला, अलेटाबाईंना दिला.

आई म्हणाली, “मान दिला, ते बरं केलं. पण एक तरी पोरगं माघारी याया पायजे व्हतं.”

– इयत्ता सातवी