चालकाविना वाहन आणि आपला महामार्ग

निपाणीच्या पेढीवर नवा मुलगा येतो तेव्हा तंबाखूची पारख त्याला कोणी नियम सांगून शिकवीत नाही. शेकडो पोत्यांतील माल हाताळूनच त्याची नजर तयार होते. आज यंत्रांनाही याच रीतीने शिकविले जाते. चालकाविना चालणाऱ्या मोटारीस रस्त्याची असंख्य चित्रे दाखवितात. माणूस कोणता, झाड कोणते, याच्या खुणा त्यांवर आधीच केलेल्या असतात. अडचण येथेच उद्भवते. चित्रांत जे पुरेसे आले नाही, त्याविषयी यंत्राचा अंदाज डळमळतो.

युरोपातील रस्त्यांवर शिकलेले यंत्र आपल्याकडे अपुरे पडते, हे जाणून हैदराबादच्या आयआयआयटी या संस्थेने २०१८ साली हैदराबाद व बेंगळुरू परिसरातील सुमारे १०,००० चित्रांचा संग्रह सिद्ध केला. त्यात रिक्षा व जनावरे यांस स्वतंत्र वर्ग आहेत. उपक्रम स्तुत्य खरा. परंतु गळिताच्या हंगामात तवंदी घाटात मागे दिवा नसलेली उसाची ट्रॉली, किंवा महामार्ग ओलांडणारा धनगरांचा कळप, हे सारे चित्रांत कितीसे मावणार?

अंदाज चुकल्यास काय होते, याचा दाखला अमेरिकेत मिळतो. १८ मार्च २०१८ रोजी रात्री ॲरिझोना राज्यातील टेम्पी येथे उबर कंपनीच्या चाचणीच्या मोटारीने, सायकल हाताने ढकलीत रस्ता ओलांडणाऱ्या एका स्त्रीस धडक दिली. ती मृत्यू पावली. मोटारीस ती ५.६ सेकंद आधी दिसली होती! परंतु यंत्राने तिला कधी वाहन, कधी अनोळखी वस्तू, कधी सायकल ठरविले, आणि मत बदलताच तिच्या आधीच्या हालचालीचा हिशेब टाकून दिला. पादचारी पट्ट्यांबाहेरही माणूस रस्ता ओलांडतो, ही गोष्ट त्याच्या रचनेत धरलेलीच नव्हती. (आपल्याकडे पट्ट्यांवरून ओलांडणाराच विरळा.)

जबाबदारीचा प्रश्न आम्हांस याहून बिकट वाटतो. कंपनीवर फौजदारी खटल्यास आधार नाही, असे सरकारी वकिलांनी २०१९ मध्ये ठरविले. देखरेखीस बसलेल्या स्त्रीने मात्र २०२३ मध्ये गुन्हा कबूल केला व तिला ३ वर्षांची परिवीक्षा झाली. ती फोनवर कार्यक्रम पाहत होती, हे खरे. तथापि तपास मंडळाने कंपनीच्या सुरक्षाव्यवस्थेतही गंभीर दोष दाखविले होते. वाहतुकीच्या धंद्यात मालक, चालक व विमा कंपनी यांचे नाते आपण जाणतोच. त्यात यंत्र विकणारा हा चौथा पक्ष येऊ पाहत आहे. आपले यंत्र किती मैल धावले, हे तो अभिमानाने सांगेल. कोणत्या रस्त्यांवर धावले, आणि नुकसानभरपाईचे कलम कोणाच्या नावे आहे, हे सभासदांनी सहीपूर्वीच लेखी मागावे.