आधी पत्रा, मग इंजिन

सातारा-सांगलीकडून नोकरीसाठी ब्रिटनमध्ये येणाऱ्या तरुणांना वर्षभरात एक शोध लागतो. गावाकडे फक्त चित्रात पाहिलेली दोन आसनांची, छत उघडणारी स्पोर्ट्स कार वीस-पंचवीस वर्षं जुनी झाली की इथे साध्या घरगुती गाडीच्या भावात मिळते. शोध खरा आहे. इथे मुरलेल्या मराठी कुटुंबांच्या अनुभवांवरून केलेलं हे टिपण त्या हौसेला नाट लावण्यासाठी नाही. म्हणणं एवढंच, की गावाकडून बरोबर आणलेली पारख इथे उलटी धरावी लागते. माण-खटाव, आटपाडी, जत हा कोरडा मुलूख. तिथे जुन्या जीपचा पत्रा वर्षानुवर्षं शाबूत राहतो; थकतं ते इंजिन, धुळीनं आणि ओझ्यानं. म्हणून आपण बॉनेट उघडतो, आवाज ऐकतो, धुराचा रंग बघतो. इंजिन गेलंच तर ते उतरवणारा मिस्त्री कराडात किंवा मिरजेत सापडतो आणि त्याची मजुरी परवडते. ब्रिटनमध्ये हिवाळ्यात बर्फ वितळावा म्हणून रस्त्यांवर मीठ पसरतात. ते खारं पाणी गाडीच्या पोटाला चिकटतं आणि पत्रा आतून खातं. मजुरी तर तासावर, आणि ती अशी की स्वस्त गाडीच्या किमतीएवढे पैसे दोन-तीन कामांत जातात.

यावर कोणी म्हणेल, पत्र्याचं काय एवढं, वेल्डिंग मारून घेऊ. अडचण अशी, की छत नसलेल्या गाडीचा सगळा जोर खालच्या सांगाड्यावर असतो, आणि त्यात दारांखालच्या पोकळ पट्ट्या, म्हणजे सिल, महत्त्वाच्या. बाहेरून रुपयाएवढा फुगवटा दिसतो तेव्हा आतला थर बहुधा आधीच गेलेला असतो. कापायला लागलं की सडका भाग वाढतच जातो आणि तासांचा हिशेब सुटतो. क्लच प्लेट, ब्रेक, रेडिएटर यांचं तसं नाही. त्यांचा खर्च आधी विचारता येतो. मर्यादित पैशांत जगणाऱ्यानं मोजता येणारा खर्च पत्करावा, न मोजता येणारा टाळावा. तेव्हा थोडं ऑइल गळणारी पण खालून कोरडी गाडी ही चकचकीत रंगाच्या, पुट्टी भरलेल्या गाडीपेक्षा चांगली. सिलवर साधं लोहचुंबक फिरवून बघा, जाड पुट्टीवर ते धरत नाही.

मग गाडी कोणती? माझ्या मते पहिल्यांदा घेणाऱ्यानं माझदा एमएक्स-5 च्या पलीकडे फारसं बघू नये. 1989 साली ही गाडी शिकागोच्या प्रदर्शनात प्रथम दिसली. तेव्हापासून ती इतकी खपली आहे, की सुटे भाग मुबलक मिळतात आणि तिची रचना कुठल्याही गॅरेजला ठाऊक असते. तिचं दुखणंही ठाऊक आहे: कापडी छताचं पाणी वाहून नेणाऱ्या नळ्या पाल्यानं तुंबतात, पाणी सिलमध्ये साचतं आणि मागच्या चाकांच्या पुढचा भाग सडतो. आधी तिथेच हात लावा. आक्षेप ठरलेला असतो: थोड्याच जास्त पैशांत 1996 नंतरची पोर्शे बॉक्स्टर येते, मग माझदा कशाला? कारण जुन्या गाडीची किंमत उतरते, तिच्या सुट्या भागांची उतरत नाही. ब्रेकचा खर्च पोर्शेचाच राहतो. शिवाय तिचं इंजिन आसनांच्या मागे असं दडवलेलं की वरून दिसतही नाही, आणि सुरुवातीच्या बॉक्स्टरमधलं आयएमएस नावाचं बेअरिंग निकामी झालं तर अख्खं इंजिन जातं.

कागदांच्या बाबतीत मात्र ब्रिटन आपल्यापेक्षा खूपच सोयीचं आहे. एमओटी म्हणजे आपल्याकडचं पासिंगच, पण तीन वर्षांनंतर दरसाल, खासगी गाडीलासुद्धा. गाडीचा नंबर टाकला की 2005 पासूनच्या तपासण्या सरकारी संकेतस्थळावर फुकट दिसतात: कधी नापास झाली, का झाली, मीटर किती होता. मागे फिरवलेला मीटर इथे उघडा पडतो. पण नुसता ‘पास’ बघून हुरळू नका. खाली गंजाबद्दल वर्षानुवर्षं लिहिलेल्या सूचना वाचा. व्ही5सी या कागदावरचं नाव नोंदणीदाराचं असतं, ते मालकीचा पुरावा नव्हे. म्हणून गाडीवर कर्ज आहे का, विमा कंपनीनं ती एकदा बाद ठरवली होती का, हे थोडे पैसे भरून तपासून घ्या. 2014 पासून रोड टॅक्स गाडीबरोबर येत नाही, तो नव्या मालकानं भरल्याशिवाय गाडी रस्त्यावर आणता येत नाही. आणि गाडी बघायला निघण्याआधी विम्याचा भाव विचारा. भारतीय परवाना इथे स्थायिक झाल्यापासून 12 महिनेच चालतो, त्यानंतर नवी परीक्षा. नवख्या चालकाचा वर्षाचा विमा गाडीच्या किमतीला टेकू शकतो.

सगळ्यात वजनदार आक्षेप घरातून येतो: दोन आसनं, मूल कुठे बसवणार, सामान कुठे ठेवणार? याला माझ्याकडे खोडून काढणारं उत्तर नाही. घरात दुसरी गाडी नसेल, किंवा कामाला जायला बस-रेल्वे नसेल, तर ही खरेदी पुढे ढकला. आज ना उद्या ती गाडी गॅरेजमध्ये चार दिवस उभी राहणार, हे गृहीत धरूनच ती घ्यायची असते. लंडनमध्ये राहणाऱ्यानं प्रदूषण शुल्कही तपासावं: 2023 च्या ऑगस्टपासून ते शहराच्या सगळ्या बरोंना, म्हणजे विभागांना, लागू आहे, आणि नियमात न बसणाऱ्या गाडीला दिवसाला साडेबारा पौंड पडतात. पुढे ती साताऱ्याला नेऊ, हा विचारही सोडा, कारण तीन वर्षांपेक्षा जुनी साधी वापरलेली गाडी भारतात आयात करता येत नाही. हे सारं मान्य करूनही हौस उरत असेल, तर जमवलेल्या रकमेचा तिसरा हिस्सा दुरुस्तीसाठी बाजूला काढा आणि उरलेल्यातच भाव करा.

खरसुंडीच्या किंवा पुसेगावच्या जत्रेत खिलार खोंड घेणारा दात बघतो, खूर बघतो आणि चालवून दाखव म्हणतो. झुलीकडे बघून पैसे देत नाही. तसंच इथेही करा. गुडघे टेकून गाडीच्या खाली बघायला लाजू नका. दिवसाउजेडी जा, आणि पावसानं गाडी ओली असेल तर दुसऱ्या दिवशी पुन्हा जा, कारण ओल्या रंगावर फुगवटे दिसत नाहीत.