पीळदार नळीची कसोटी

जुन्या वाड्यातील भिंतीवर टांगलेली किंवा संग्रहालयाच्या काचेच्या पेटीत ठेवलेली दुनळी बंदूक तुम्ही पाहिली असेल, तर पुढच्या वेळी तिच्या नळ्यांकडे जरा निरखून पाहा. काही नळ्यांवर लहान लहान भोवऱ्यांची, लाटांची किंवा सापाच्या कातडीसारखी नक्षी दिसते. ही नक्षी वरून कोरलेली नसते. ती नळीच्या धातूतच असते. अशा नळ्यांना 'दमास्कस नळ्या' म्हणतात.

अशी बंदूक पाहिली की दोन प्रकारची मते ऐकू येतात. कोणी म्हणतो, "हिला हात लावू नका, ही फुटणारच!" दुसरा म्हणतो, "अहो, आमच्या आजोबांनी हिच्यातून शेकडो बार काढले. हिला काय होतंय?" ही दोन्ही मते शास्त्राला धरून नाहीत. ती का नाहीत, हे आपण या लेखात पाहू.

नळी कशी बनत असे?

प्रथम नावाचा घोटाळा दूर करू. दमास्कसच्या बाजारात प्रसिद्धी पावलेल्या तलवारींचे पोलाद मुशीत वितळवून केलेले असे. असे पोलाद दक्षिण भारतात, विशेषतः आजच्या तेलंगणाच्या भागात, तयार होऊन पश्चिम आशियात जात असे. त्यावरील नक्षी पोलाद थंड होताना व घडवताना आतून उमटते. बंदुकीच्या नळीची गोष्ट वेगळी आहे. तिच्यात लोखंड आणि पोलाद यांचे थर एकमेकांना जोडलेले असतात. नक्षी तलवारीच्या नक्षीसारखी दिसते, म्हणून नाव तेच पडले.

१९व्या शतकात या नळ्यांची दोन मोठी केंद्रे होती. एक इंग्लंडमधील बर्मिंगहॅम आणि दुसरे बेल्जियममधील लिएज. लिएजजवळच्या वेस्द्र नदीच्या खोऱ्यात घरोघरी हा धंदा चाले. ब्रिटिश अमदानीत तिकडच्या बंदुका हिंदुस्थानातही आल्या.

कारागीर घडीव लोखंडाच्या आणि पोलादाच्या पट्ट्या एकाआड एक रचून तापवीत आणि ठोकून त्यांची एक कांब करीत. मग ती कांब लालभडक तापवून दोरीसारखी पिळीत. अशा दोन, तीन किंवा अधिक पिळलेल्या कांबा शेजारी शेजारी ठेवून त्यांची एक पट्टी बनवीत. ही पट्टी लोखंडी गजाभोवती मळसूत्राप्रमाणे गुंडाळून पुन्हा तापवीत आणि ठोकून तिच्या कडा एकजीव करीत. शेवटी नळी आतून कोरून गुळगुळीत करीत. बाहेरून सौम्य आम्लाची प्रक्रिया केली की लोखंड आणि पोलाद यांवर ती सारखी होत नाही. त्यामुळे एक रेघ उजळ, एक गडद अशी नक्षी उठून दिसे.

पट्टी गुंडाळायची कशासाठी?

एवढा खटाटोप केवळ शोभेसाठी नव्हता. वर्तमानपत्राचा एक कागद घ्या. तो एका दिशेने फाडा. सरळ पट्टी निघते. आता आडव्या दिशेने फाडा. चीर वेडीवाकडी जाते. कागदातील बहुतेक तंतू एकाच दिशेला असतात, म्हणून असे होते. घडीव लोखंडातही मळीचे बारीक तंतू ठोकण्याच्या व ताणण्याच्या दिशेने पसरलेले असतात. म्हणून ते लांबीच्या दिशेने अधिक ताण सोसते आणि आडव्या दिशेने कमी.

आता दाबाचा विचार करा. दोन्ही तोंडे बंद असलेल्या नळकांड्यात वायू भरला, तर नळकांडे उभे चिरण्यास झटणारे बल हे दाब × व्यास × लांबी इतके असते. त्याला दोन्ही बाजूंच्या भिंती मिळून विरोध करतात. म्हणून पातळ भिंतीच्या नळीसाठी,

घेराच्या दिशेचा ताण = दाब × त्रिज्या ÷ जाडी

लांबीच्या दिशेचा ताण काढलात, तर तो याच्या बरोबर निम्मा येतो. म्हणूनच पाण्याचा नळ दाबाने फुटतो, तेव्हा बहुधा त्याला उभी चीर पडते.

जुन्या साध्या नळ्या एका पत्र्याच्या दोन कडा उभ्या जोडून केलेल्या असत. म्हणजे सर्वांत कच्ची रेघ नेमकी सर्वांत जास्त ताणाच्या वाटेवर! पट्टी गुंडाळली की लोखंडाचे तंतू बव्हंशी घेराच्या दिशेला येतात. लाकडी पिंपाला बाहेरून लोखंडी कडी घालतात, तसाच हा प्रकार. तेव्हाच्या कारागिरांना वरील सूत्र ठाऊक नसेलही, पण अनुभवाने ते योग्य उत्तराशी पोहोचले होते.

१८९१ मध्ये बर्मिंगहॅमच्या कसोटीगृहाने निरनिराळ्या प्रकारच्या नळ्यांची कठोर परीक्षा घेतली. तेव्हा चांगल्या प्रतीच्या पीळदार नळ्या अखंड पोलादी नळ्यांच्या पंक्तीला बसल्या. तेव्हा 'दमास्कस म्हणजे फुटणारच' हे मत खरे नाही.

मग धोका कोठे आहे?

पहिला धोका दारूतला. जुनी काळी दारू म्हणजे सोरा, कोळसा आणि गंधक यांचे मिश्रण. १८८४ मध्ये फ्रान्समधील पॉल व्हिएय याने नायट्रोसेल्युलोजपासून धूरविरहित दारू तयार केली आणि पुढे काडतुसे बदलली. आजच्या सर्वसाधारण बारा बोअरच्या काडतुसासाठी आंतरराष्ट्रीय नियमाप्रमाणे कमाल सरासरी दाबाची मर्यादा ७४० बार आहे आणि अधिक जोरदार काडतुसांसाठी ती १,०५० बार आहे. एक बार म्हणजे जवळजवळ वातावरणाच्या दाबाएवढा दाब. काळ्या दारूच्या काडतुसांचा दाब बहुधा यापेक्षा बराच कमी असे, आणि जुन्या नळ्या त्या दाबासाठीच घडवलेल्या व तपासलेल्या होत्या.

दुसरा धोका काडतुसाच्या लांबीतला. नळीच्या मागच्या बाजूस काडतूस बसण्याची जागा असते. अनेक जुन्या बंदुकांत ती ६५ मि.मी. लांबीच्या काडतुसांसाठी असे. आजची काडतुसे साधारणतः ७० मि.मी. किंवा ७६ मि.मी.ची असतात. ही लांबी काडतूस उडून त्याचे तोंड उलगडल्यावरची असते. त्यामुळे लांब काडतूस जुन्या बंदुकीत सहज बसते, पण उडताना त्याचे तोंड पुढच्या अरुंद भागात उलगडते आणि दाब वाढतो. 'बसले म्हणजे चालते' असे समजू नये, ते यासाठी.

तिसरा धोका गंजाचा. काळी दारू जळल्यावर तिच्या वजनाच्या निम्म्याहून अधिक भाग घन पदार्थ म्हणून मागे राहतो. त्यात पोटॅशियमचे क्षार असतात. ते हवेतील ओलावा शोषून घेतात. नळी लगेच धुऊन पुसून कोरडी केली नाही, तर आतून गंजाचे खड्डे पडतात. पीळदार नळीत जोडाच्या जागी मळी राहून गेली असेल, तर गंज तेथे लवकर शिरतो. बाहेरून मात्र नळी चकचकीत दिसते!

जाडी निम्मी झाली तर?

एक उदाहरण सोडवू. बारा बोअरच्या नळीची आतील त्रिज्या सुमारे ९.२५ मि.मी. असते. समजा, नळीच्या मधल्या भागात एका ठिकाणी दाब १०० बार आहे आणि तेथे भिंतीची जाडी १ मि.मी. आहे.

ताण = १०० × ९.२५ ÷ १ = ९२५ बार.

आता कोणी गंजाचे खड्डे काढण्यासाठी नळी आतून घासली आणि जाडी ०.५ मि.मी. उरली. (त्रिज्येत झालेली किरकोळ वाढ सोडून देऊ.) ताण १,८५० बार होतो. जाडी ०.३ मि.मी. उरली, तर तो ३,०८० बारच्या वर जातो. घडीव लोखंड सुमारे २,००० बार ताणापाशी कायमचे वाकू लागते आणि ३,००० बारच्या थोडे पुढे तुटते. म्हणजे दाब तोच, बंदूक तीच, पण अर्ध्या-पाऊण मिलिमीटरने सुरक्षितपणाचे रूपांतर अपघातात झाले. आणि बंदूकधाऱ्याचा डावा हात कोठे असतो? नेमका नळीखाली!

जाणकार जुन्या नळीची आतली-बाहेरची मापे अनेक ठिकाणी घेतात, ते यासाठीच. 'आजोबांनी शेकडो बार काढले' हा पुरावा का चालत नाही, हेही आता कळेल. आजोबांच्या वेळची जाडी आज राहिली आहे का, हे त्यातून समजत नाही.

खरी कसोटी कोणती?

बाजारात मडके घेताना आपण ते वाजवून घेतो. काही लोक नळीही टांगून टिचकी मारतात. आवाज बद्द आला, तर दोन नळ्यांमधील डाग सुटला असण्याचा संभव असतो. परंतु आवाज खणखणीत आला, म्हणजे आत खड्डा नाही असे सिद्ध होत नाही.

काही जण बंदूक जुन्या टायरला बांधून लांबून दोरीने घोडा ओढतात. नळी फुटली नाही, की ती 'पास'! हीही खरी परीक्षा नव्हे. एखादा पूल एका बैलगाडीखाली मोडला नाही, म्हणून तो ट्रकला चालेल असे आपण म्हणत नाही.

खरी परीक्षा कसोटीगृहात होते. लंडनच्या बंदूक कारागिरांच्या मंडळाला १६३७ मध्ये राजाची सनद मिळाली, तर बर्मिंगहॅमचे कसोटीगृह १८१३ च्या कायद्याने स्थापन झाले. तेथे मुद्दाम जास्त दाबाचे काडतूस सुरक्षित खोलीत उडवतात. ७४० बारच्या काडतुसांसाठी असलेल्या बंदुकीला सुमारे ९६० बारची परीक्षा द्यावी लागते. त्याआधी व नंतर नळीची मापे घेतात आणि कोठे फुगवटा किंवा चीर आली का ते पाहतात. उत्तीर्ण झालेल्या नळीवर शिक्का मारतात. तो शिक्का काळ्या दारूसाठी आहे की धूरविरहित दारूसाठी, हे वाचता आले पाहिजे. काही पीळदार नळ्या धूरविरहित दारूच्या परीक्षेतही उत्तीर्ण झालेल्या आहेत.

पण शिक्का हा त्या दिवशीचा दाखला असतो. पुढे गंज चढला, नळी घासली गेली किंवा तिला पोचा आला, तर जुना दाखला निरुपयोगी ठरतो. म्हणून शहाणा मालक चार गोष्टी करतो. तज्ज्ञाकडून मापे घेतो, शिक्के वाचून घेतो, शंका असल्यास पुन्हा कसोटी करवतो, आणि त्या कसोटीला व काडतुसाच्या जागेच्या लांबीला साजेशीच काडतुसे वापरतो. यांपैकी एकही गोष्ट शक्य नसेल, तर ती बंदूक भिंतीवरच शोभते.

आणखी एक चूक मात्र कोणतीही नळी फोडील, मग ती पीळदार असो वा आजच्या पोलादाची. वीस बोअरचे लहान काडतूस चुकून बारा बोअरच्या बंदुकीत गेले, तर ते पुढे सरकून नळीत अडकते. बंदूक रिकामी वाटते. मागून दुसरे काडतूस घालून बार काढला, की अडथळ्यापाशी नळी फुटते. म्हणून बार काढण्यापूर्वी नळीतून आरपार उजेड दिसतो का, हे पाहण्याचा नियम आहे.

तुमच्यासाठी नियम

मित्रहो, वरील परीक्षा ही तज्ज्ञांची कामे आहेत. तुम्हांला माळ्यावर जुनी बंदूक आढळली, तर तिला हात लावू नका. घरातील मोठ्या माणसांना सांगा. ठासणीच्या बंदुकीत जुनी दारू तशीच असू शकते, आणि कोरडी राहिलेली काळी दारू अनेक दशकांनंतरही पेट घेते. आपल्या देशात बंदूक बाळगण्यास १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली परवाना लागतो, म्हणून मोठ्यांनी पोलीस ठाण्यात कळवावे हेच बरे.

विचार करा

१. एका नळीत एका ठिकाणी दाब १२० बार, त्रिज्या ९ मि.मी. आणि जाडी ०.८ मि.मी. आहे. घेराच्या दिशेचा ताण किती? (उत्तर : १,३५० बार)

२. बंदुकीची नळी मागे जाड आणि तोंडाकडे पातळ का ठेवतात?

३. घरातील प्रेशर कुकर, गॅसची टाकी आणि कारखान्यातील बाष्पक यांची 'कसोटी' कशी घेतात? शिक्षकांच्या मदतीने माहिती मिळवा. एकदा घेतलेली कसोटी कायमची पुरेल का, याचे उत्तर कारणांसह लिहा.