पायाला बांधलेलं वजन

डोळे मिटून तोंडावर पाणी मारताना तोल जात असेल, तर मोरीच्या ओल्या फरशीला दोष देऊ नका. माझं तेच चाललं होतं. मधुमेह जुना. पाय कुठे पडला हे खाली बघितल्याशिवाय कळेना. गुडघा किती वाकलाय, घोटा कुठे वळलाय, ही खबर स्नायू आणि सांधे मेंदूला सतत देत असतात. मज्जातंतू दुखावले की ती पोचत नाही आणि सगळी भिस्त डोळ्यांवर येते. म्हणून आवणीच्या दिवसांत खाचरातल्या गढूळ पाण्यात मी आधी लटपटायला लागले. तिथे पाय दिसतो कुठे?

फिजिओथेरपीत घोट्याला वजनाचा पट्टा बांधतात तो यासाठीही. ओझ्याने स्नायूंना जोर लावावा लागतो, खबर जरा ठळक होते. आमच्या थेरपिस्टबाईंनी अर्ध्या किलोचा पट्टा बांधून कठड्याच्या आधाराने थोडं चालवलं, मग तो सोडून पुन्हा चालवलं. त्यांचं लक्ष या दुसऱ्या चालण्याकडे. पट्टा असेपर्यंत पाय नीट पडतो, काढल्यावर तसाच पडेल याची खात्री नसते.

एका व्यायामशाळेने मात्र दोन-दोन किलोची जोडी हातात दिली. म्हणे, दिवसभर घालून फिरा. आमच्या घोटी गावचा पाऊस म्हणजे धो-धो. पट्टा ओला झाला, कातडी सोलवटली आणि मला पत्ताच नाही. बधिर पायाला दुखणार कसं! मोज्यावरचा डाग सुनेला दिसला, तेव्हा जखम चांगलीच खोल होती.

तेव्हा पट्टा बांधण्याआधी आणि काढल्यावर घोटा उजेडात बघा, आतून कोरडा सुती मोजा घाला. लाली उतरत नसेल तर पुन्हा बांधू नका, डॉक्टरांना दाखवा. त्याहून आधी बी-१२ तपासून घ्या. वर्षानुवर्षं मेटफॉर्मिन घेणाऱ्यांत ते कमी होऊ शकतं, आणि पाय तेवढ्यानेही परके होतात. ती उणीव औषधानेच भरते.

आळीतल्या एकीने तिच्या स्वमग्न नातवासाठी वजनाच्या जाकिटाचं विचारलं. जाकीट शरीराच्या वजनाच्या ५ ते १० टक्के असावं, हा नुसता रूढ हिशेब आहे. जाकिटाने लक्ष लागतं याला संशोधनात भक्कम आधार मिळालेला नाही. तरी घ्यायचंच असेल तर थेरपिस्टला विचारून, आणि पोराला स्वतःच्या हाताने काढता येईल असंच. झोपताना तर नकोच.