एदलाबाद ते राज्यसभा : तीन आसनांचा अनुभव

महाराष्ट्र राज्याच्या निर्मितीनंतरची पहिली विधानसभा निवडणूक १९६२ साली झाली. स्त्रियांसाठी राखीव मतदारसंघ तेव्हा नव्हते. जळगाव मतदारसंघातून निवडून आलेल्या श्रीमती प्रतिभाताई पाटील त्या वेळी २७ वर्षांच्या होत्या. जिल्ह्यातील नाडगाव हे त्यांचे जन्मगाव. शिक्षण जळगावचे मूळजी जेठा महाविद्यालय आणि नंतर मुंबईत कायद्याचे. १९६७ पासून १९८५ पर्यंत एदलाबादने, म्हणजे आजच्या मुक्ताईनगरने, त्यांना सलग विधानसभेत धाडले.

उपमंत्रिपद, मंत्रिपद, राज्यपालपद आणि २००७ साली राष्ट्रपतिपद हा क्रम सर्वपरिचित आहे. पंचायत सदस्यांनी अभ्यासावा असा भाग मात्र निराळाच, आणि तो सहसा एका ओळीत उरकला जातो. 'पुलोद' शासनाच्या काळात, १९७९-८० मध्ये, त्या विधानसभेत विरोधी पक्षनेत्या होत्या. मंत्र्याच्या हाताशी खाते असते, सचिव असतात. विरोधी बाकावर प्रश्न, लक्षवेधी सूचना व कपात सूचना एवढीच आयुधे. ती चालवावयाची तर नियमांचे पुस्तक व अंदाजपत्रक दोन्ही वाचलेली हवीत. पुढे १९८६ ते १९८८ राज्यसभेच्या उपसभापती या नात्याने त्याच नियमांचा अंमल दोन्ही बाजूंवर निःपक्षपातीपणे करण्याचे काम त्यांच्याकडे आले.

ग्रामपंचायतीतही अल्पमतातील सदस्याला मासिक सभेत जमाखर्चाविषयी विचारता येते. अनेक भगिनी सदस्या ते विचारीत नाहीत, कारण सभेचे कागद त्यांच्या हाती न पडता घरातील पुरुषांकडे जातात. ते कागद सभेपूर्वी खुद्द सदस्येच्याच हाती पडतील, हे ग्रामसेवकांनी पाहावे.